नऊ वर्षं कोड लिहिला, आता एचटीएमएलपासून सुरुवात करू का?

पत्र असं आहे:

"ताई, मी नऊ वर्षं बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या कोडवर, आहे, जावा आणि डेटाबेस हेच माझं काम. स्वतःची एक साइट असावी, त्यावर माझी टेक्निकल टिपणं मराठीत टाकावीत असं खूप दिवस मनात आहे. दोनदा फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा, घेऊन सुरुवात केली. पहिल्या वेळी साइट उभी राहिली पण दीड वर्षाने एक ओळ बदलायला गेलो तर बिल्डच, म्हणजे कोडपासून तयार पानं बनवणंच, होईना. दुसऱ्या वेळी सेटअप करतानाच दमलो. आता वाटतंय सरळ हाताने एचटीएमएल आणि सीएसएस, म्हणजे पानाचा मजकूर आणि त्याचं रूप ठरवणारा कोड, लिहावं. टीममधले म्हणतात हे शाळेतल्या मुलांचं काम, आणि आता एआय दोन मिनिटांत साइट करून देतं. शिवाय खरं सांगायचं तर सीएसएस मला येत नाही, एक बॉक्स पानाच्या मधोमध आणायला माझी अख्खी संध्याकाळ गेली. मी मागे जातोय का? सुरुवात कुठून करू? जुन्या साइटचं काय करू? आणि यातून पुढे काम मिळेल का? – बिल्डला कंटाळलेला"

अरे, सगळ्यात आधी हे की तू मागे जात नाहीयेस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात कंटाळा कमी आणि शरम जास्त दिसली, म्हणजे नऊ वर्षं काम केलेल्या माणसाला एक बॉक्स मधोमध आणता येत नाही याची शरम. ती आधी काढून टाक, कारण तुला जे जमलं नाही त्याचं कारण हुशारी कमी पडली हे नाहीच, तू पानाला प्रोग्रॅम समजून लिहीत होतास हे आहे. हे मी खात्रीने सांगतेय कारण मीही सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून मग या बाजूला आले आणि पहिले कित्येक महिने हीच चूक करत होते.

आधी तुझ्या त्या न होणाऱ्या बिल्डबद्दल बोलू. तू दीड वर्ष काहीच बदललं नव्हतंस, तरी साइट मोडली, बरोबर? कारण तुझी साइट तुझ्या फायलींवर उभी नव्हतीच, ती शेकडो छोट्या पॅकेजांवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडच्या तुकड्यांवर, उभी होती आणि त्या प्रत्येकाचं व्हर्जन, ही टूल्स ज्यावर चालतात त्या नोडचं व्हर्जन, बिल्ड टूलचं व्हर्जन हे सगळं आपापल्या गतीने पुढे सरकत होतं. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या पॅकेजांच्या भांडारावरून लेफ्ट-पॅड नावाचं एक पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं, जेमतेम ११ ओळींचा कोड, स्ट्रिंगच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायचं काम, आणि त्याने जगभरचे बिल्ड बंद पडले, त्यात बेबल आणि रिअ‍ॅक्टसारखी मोठी नावंही होती. मोठ्या टीमला हे परवडतं, त्यांच्याकडे रोज ते सांभाळणारी माणसं असतात. तुझ्या टिपणांच्या साइटला वर्षातून चार वेळा हात लागणार, तिला ही उस्तवार कशाला हवी?

उलट बाजूला बघ. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिली वेबसाइट केली ती १९९१ ची गोष्ट. त्या पानाची १९९२ सालची प्रत सर्नने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर परत ठेवली, आणि ती आजच्या फोनमधल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि वाचता येते, काहीही न बदलता. त्या काळच्या टॅगांमधले हेडिंग, परिच्छेदाचा पी, लिंकचा ए, यादीचा एलआय हे तू उद्या लिहिशील तेव्हाही तेच असतील. एवढं टिकाऊ तुझ्या जावाच्या जगात काय आहे सांग बरं मला. मी २००३ च्या सुमाराला लिहिलेलं एक पान अजून उघडतं, टेबलात मांडणी केलेलं आहे, दिसायला जुनाट आहे पण उघडतं.

आता मूळ मुद्दा. प्रोग्रॅममध्ये तू हुकूम देतोस, आधी हे कर मग ते कर, आणि चुकलं की कंपायलर तोंडावर सांगतो. एचटीएमएलमध्ये तू फक्त सांगतोस की हे काय आहे. हे शीर्षक आहे, हा परिच्छेद, ही यादी, हे बटण. ते कसं दाखवायचं, किती रुंद, कुठल्या अक्षरात, वाचून दाखवायचं की पडद्यावर मांडायचं, हे ब्राउझर आणि वाचणारा मिळून ठरवतात. ज्याला कमी दिसतं तो २०० टक्के झूम करेल, कुणी स्क्रीन रीडरने ऐकेल, कुणी जुन्या फोनवर उघडेल, आणि तू यातलं काहीही आधी ठरवू शकत नाहीस. प्रोग्रॅमरला हा कंट्रोल सोडणं फार जड जातं, मला तर गेलंच, आणि मग आपण काय करतो तर सगळ्याला पिक्सेलमध्ये रुंदी देतो, पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट करून प्रत्येक गोष्ट एका जागी ठोकतो, इम्पॉर्टंट लावून आपलाच नियम जिंकवत सुटतो. कसली ही मारामारी, पान बिचारं आपलं आपण नीट वागायला तयार असतं.

आणि एरर न येणं हेही तुला खटकत असणार. टॅग बंद करायचा राहिला, स्पेलिंग चुकलं, तरी पान दिसतंच. हा निष्काळजीपणा वाटेल पण हे मुद्दाम आहे. सीएसएसमध्ये अनोळखी प्रॉपर्टी, म्हणजे रंग-रुंदीसारखा गुणधर्म, आली की ब्राउझर ती सोडून पुढे जातो, म्हणूनच नवी प्रॉपर्टी तू आज वापरू शकतोस आणि जुना ब्राउझर मोडत नाही. मधे एकदा उलटा प्रयत्नही झाला होता, २००० साली एक्सएचटीएमएल, म्हणजे एचटीएमएलचं एक्सएमएलच्या कडक नियमांवर बेतलेलं रूप, आलं, त्यात पान एक्सएमएल म्हणून पाठवलं आणि एक टॅग चुकला की वाचणाऱ्याला मजकुराच्या जागी एरर. म्हणजे चूक लिहिणाऱ्याची आणि शिक्षा वाचणाऱ्याला. त्याची पुढची आवृत्ती, एक्सएचटीएमएल २, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने २००९ मध्ये गुंडाळायचं ठरवलं. तुला कंपायलरची सवय आहे तर डब्ल्यूथ्रीसीचा व्हॅलिडेटर वापर, तो सगळ्या चुका ओळ नंबरासकट दाखवतो, फक्त तो तुझ्यापुरता आहे, वाचकापर्यंत त्याचा त्रास जात नाही.

तुझ्या त्या बॉक्सकडे येते. तो आडवा मधोमध आला असणार, उभा येत नसणार, हो ना? याचं एकच कारण आहे आणि ते कळलं की अर्धं सीएसएस कळलं असं मी म्हणेन. पानात रुंदी वरून खाली येते, म्हणजे खिडकीची रुंदी बॉडीला म्हणजे अख्ख्या पानाला, बॉडीची आतल्या डिव्हला म्हणजे साध्या डब्याला, असं आई-बापाकडून मुलाकडे. उंची मात्र खालून वर जाते, आत जेवढा मजकूर तेवढा बॉक्स उंच आणि त्यावरून बाहेरचा उंच. मग तू आतल्या बॉक्सला उंची १०० टक्के दिलीस तर ब्राउझर विचारणार कशाच्या १०० टक्के, बाहेरच्याची उंची तर तुझ्यावरूनच ठरायची आहे. आणि मधोमध आण म्हणालास तर बाहेरचा बॉक्स आतल्याएवढाच उंच, त्यात मध्य कुठला काढायचा? म्हणून बाहेरच्याला आधी उंची दे, मिन-हाइट १०० व्हीएच (म्हणजे खिडकीची पूर्ण उंची), मग डिस्प्ले ग्रिड आणि प्लेस-आयटम्स सेंटर. झालं. तुझी संध्याकाळ या तीन ओळींपायी गेली नाही, ही उंची कुठून येते हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून गेली.

आणि सगळी चूक तुझीच असते असंही समजू नकोस. एखाद्या बॉक्सला ३०० पिक्सेल रुंदी दिली आणि पॅडिंग, म्हणजे आतल्या बाजूची मोकळी जागा, दिलं की तो ३०० पेक्षा मोठा होतो, हे कुणालाही विचित्र वाटेल. सीएसएस वर्किंग ग्रुपने स्वतःच्या डिझाइनमधल्या चुकांची एक यादी ठेवली आहे आणि त्यात ही चूक आहे, की बॉक्स-सायझिंग आधीपासून बॉर्डर-बॉक्सच असायला हवं होतं, म्हणजे पॅडिंग दिलेल्या रुंदीतच धरलं गेलं असतं. आता बदलता येत नाही कारण जुनी पानं मोडतील. म्हणून आपण आपल्या स्टाइलशीटच्या, म्हणजे सीएसएस फाइलच्या, पहिल्याच ओळीत ते सगळ्यांना लावून टाकायचं आणि पुढे जायचं.

सुरुवात अशी कर. एक फोल्डर, त्यात एक फाइल, इंडेक्स डॉट एचटीएमएल. एडिटर तुझा नेहमीचा. वर डॉकटाइप लिही, नाहीतर ब्राउझर जुन्या काळच्या वागण्यात, ज्याला क्वर्क्स मोड म्हणतात, त्यात जातो आणि मग मापं भलतीच येतात. एचटीएमएल टॅगवर लँग एमआर लिही म्हणजे स्क्रीन रीडरला मराठी उच्चाराने वाचायचं हे कळतं. मेटा चारसेट यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं कशी साठवलीत ते, आणि ते फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत हवं, म्हणून ते हेडमध्ये सगळ्यात वर ठेव आणि टायटल त्याच्या खाली. मग व्ह्यूपोर्टचा मेटा, कारण तो नसेल तर फोन तुझं पान मोठ्या पडद्याचं समजून साधारण ९८० पिक्सेल रुंद मांडतो आणि मग बारीक करून दाखवतो. बस, एवढंच पाठ करायचं. बाकी तुझं एक खरं टिपण घे, डमी मजकूर नाही, आणि त्याला टॅग लाव. लाव म्हणजे विचार करून लाव, हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण आपल्याच मजकुराला प्रत्येक तुकड्यागणिक विचारावं लागतं की बाबा तू कोण आहेस, हेडिंग आहेस की नुसता जाड अक्षरातला शब्द आहेस, ही यादी क्रमाची आहे की कुठूनही चालेल, हा कोड आहे का, हे उदाहरण मूळ मजकुरातलं आहे का बाजूचं. मजकूर गोंधळलेला असेल तर तो इथेच उघडा पडतो. माझी कित्येक टिपणं टॅग लावताना सुधारली आहेत.

आता हे पान सीएसएस न लावता उघड आणि खिडकी लहान मोठी करून बघ. नीट वळतं ना? फोनवरही वाचता येतं. म्हणजे साधं एचटीएमएल मुळातच रिस्पॉन्सिव्ह असतं, ते आपण नंतर ठोक रुंदी देऊन बिघडवतो आणि मग दुरुस्त करायला लायब्ररी शोधतो.

आणि त्याच दिवशी ते पान सर्व्हरवर चढव. दिसायला साधं आहे, लाज वाटते, सगळं नंतर करू असं म्हणू नकोस, तुझी दुसरी साइट सेटअपमध्येच अडकली. स्टॅटिक फाइल आहे, कुठल्याही फुकट होस्टिंगवर चढते. एक गंमत आधीच सांगून ठेवते, तुझ्या मशीनवर फोटो दिसेल आणि सर्व्हरवर दिसणार नाही असं होऊ शकतं, कारण विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सारखंच वाटतं आणि लिनक्सला नाही. सगळी नावं स्मॉल ठेव, स्पेस नको.

सीएसएस त्यानंतर, थोडं थोडं. आधी फक्त अक्षरं, ओळीची रुंदी आणि ओळींमधलं अंतर. मराठी मजकूर आहे म्हणून दोन गोष्टी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाहीत त्या सांगते. एक, लाइन-हाइट सढळ दे, १.७ च्या आसपास, कारण आपल्याला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, कमी अंतरात ते एकमेकांना भिडतात. दोन, लेटर-स्पेसिंगला हात लावू नकोस, शीर्षकं मोकळी दिसावीत म्हणून लोक ते वाढवतात आणि देवनागरीत शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात, वाचवत नाही. हे सगळं झालं की मग कॅस्केड समजून घे, म्हणजे दोन नियम भांडले तर कोण जिंकतो, यावर एक पूर्ण रविवार दे, एमडीएन या वेब शिकायच्या साइटवर व्यवस्थित लिहिलंय. फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या पद्धती नंतर. ग्रिड मार्च २०१७ पासून मोठ्या ब्राउझरांमध्ये आहे, त्यामुळे पूर्वी आम्ही टेबलं आणि पारदर्शक चित्रं घालून जी मांडणी करायचो ती तुला करावीच लागणार नाही, याचा मला खरंच आनंद आहे.

जावास्क्रिप्टची घाई नको. तुझ्या टिपणांना ती लागणारच नाही बहुतेक. उघडझाप करायचा भाग हवा तर डिटेल्स-समरी आहे, फॉर्ममध्ये रिकामी जागा अडवायची तर रिक्वायर्ड आहे, ईमेल तपासायला टाइप ईमेल आहे, हे सगळं ब्राउझर स्वतः करतो. आणि बटण हवं तिथे बटण टॅगच घाल. डिव्हला क्लिक लावला की माउसने चालतं म्हणून आपण खूश होतो, पण टॅब दाबत आलेल्या माणसाला ते सापडतच नाही, एंटर किंवा स्पेसने दाबता येत नाही, आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. मग ते सगळं परत मिळवायला वीस ओळी लिहाव्या लागतात, जे एका टॅगमध्ये आयतं होतं.

पाच-सहा पानं झाली की तुला हेडर सगळीकडे कॉपी करायचा त्रास व्हायला लागेल आणि इथे तुझ्यातला प्रोग्रॅमर उसळी मारेल, मी स्वतःचा साइट जनरेटर, म्हणजे पानं आपोआप बनवणारा प्रोग्रॅम, लिहितो म्हणेल. थांब. दहा-बारा पानांपर्यंत कॉपी-पेस्टच कर, खरंच कर, एडिटरमध्ये सगळ्या फायलींत एकदम फाइंड-रिप्लेस असतंच. त्यानंतर सर्व्हर साइड इन्क्लूड किंवा पीएचपीचा इन्क्लूड पुरतो, त्यात हेडर एका फाइलीत ठेवून सर्व्हरच तो प्रत्येक पानात घालतो. पीएचपीचा जन्मच अशा छोट्या साइटसाठी आहे, रास्मुस लेर्डॉर्फ यांनी स्वतःच्या होमपेजसाठी केलेली ती हत्यारं होती, नावही पर्सनल होमपेज असंच. जनरेटर लिहायचा तर लिही पण पंचविसावं टिपण चढवल्यावर, कारण मी कितीतरी हुशार माणसांच्या साइट पाहिल्यात ज्यांत जनरेटर उत्कृष्ट आहे आणि टिपणं दोन.

एआयबद्दल मित्र खोटं बोलत नाहीत, दोन मिनिटांत साइट मिळते. पण मिळालेलं बरं आहे का वाईट हे तुला सांगता येतंय का, प्रश्न तिथे आहे. वेबएम ही संस्था दरवर्षी १० लाख होमपेज तपासते, २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंग माणसालाही पान वापरता यावं याच्या, चुका सापडल्या, त्यात सगळ्यात जास्त म्हणजे फिकट अक्षरं फिकट पार्श्वभूमीवर. वेबवरचा बहुतेक कोड असा आहे, आणि मशीन त्यातूनच शिकलंय. म्हणून शिकेपर्यंत स्वतः लिही, अडलास तर त्याला 'हे असं का होतंय' विचार, 'लिहून दे' म्हणू नकोस. जावामध्ये तू त्याचा कोड बघून लगेच म्हणतोस ना की हे चालणार नाही, तशी नजर इथे यायला हवी.

कामाचं खरं सांगते. 'हाताने एचटीएमएल लिहिणारा पाहिजे' अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल, फ्रंटएंडच्या, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणाऱ्या बाजूच्या कामाच्या, जागांना फ्रेमवर्क विचारतातच. पण त्या फ्रेमवर्कमधूनही शेवटी एचटीएमएलच बाहेर पडतं आणि ते नीट पडतंय का हे बघणारी माणसं टीममध्ये कमी असतात. युरोपात २८ जून २०२५ पासून अ‍ॅक्सेसिबिलिटीचा कायदा लागू झालाय, ऑनलाइन विक्री आणि बँकिंगसारख्या सेवांना तो पाळावा लागतो, तर हे काम वाढतंय. आणि तू बॅकएंडचा आहेस, एचटीटीपी, कॅशिंग, फॉर्म पोस्ट झाल्यावर रीडायरेक्ट का करायचा हे तुला झोपेतही येतं, निव्वळ फ्रंटएंड शिकलेल्यांना ते बरेचदा येत नाही. ही जोडी चांगली आहे. तरी माझं ऐकशील तर पहिलं वर्षभर कामाचा विचारच करू नको, नोकरी आहे तुझ्याकडे, ही साइट तुझी राहू दे.

राहिली जुनी साइट. तिचं बिल्ड दुरुस्त करत बसू नकोस. ती सर्व्हरवर अजून चालू असेल तर ब्राउझरमध्ये उघड, मजकूर आणि चित्रं उचल, एकेक पान नव्या साध्या एचटीएमएलमध्ये घाल, रोज एक केलंस तरी संपेल. फक्त पत्ते जपायचे. कुणीतरी तुझ्या टिपणाची लिंक कुठेतरी दिली असेल, ती तुटायला नको. जमेल तिथे पत्ता तोच ठेव, प्रत्येक टिपणाला एक फोल्डर आणि आत इंडेक्स फाइल केलीस की पत्त्यात डॉट एचटीएमएल येत नाही, म्हणजे उद्या पीएचपीवर गेलास तरी पत्ता बदलत नाही. जिथे बदलावाच लागेल तिथे ३०१, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचा पाठवणारा रीडायरेक्ट, लाव, आणि तो पुढच्या महिन्यात काढून टाकू नकोस, राहू दे तसाच.